स्वरदोषाची मात्रा

कोणत्याही कलेची चिकित्सा करावयाची म्हटली म्हणजे आपलें लक्ष स्वाभाविकपणें कृतीकडे जातें, साधनाकडे जात नाहीं. काव्य वाचणारा शाईचा विचार करीत नाहीं. चित्र पाहणारा कुंचल्याच्या केसांचा करीत नाहीं. संगीताच्या बाबतींत मात्र ही उपेक्षा चालण्यासारखी नाहीं, कारण तेथें साधनच पुष्कळ वेळां कृतीचें व्याकरण ठरवीत असतें. आज ज्या वस्तूची चिकित्सा करण्याचें आम्हीं योजिलें आहे ती म्हणजे विजेच्या गिटारचें ओव्हरड्राइव्ह पेडल. हाताच्या पंजाएवढी ॲल्युमिनियमची एक पेटी. तिच्यांत नऊ व्होल्टची बॅटरी व तीस-चाळीस सुटे भाग, वर तीन नॉब आणि पायानें दाबावयाची एक कळ, एवढाच तिचा संसार. ही पेटी बाजारांत तयार मिळते. तरी जगांत सर्वत्र अनेक हौशी वादक ती विकत न घेतां घरीं बांधीत असतात. या घरगुती खटाटोपास कलेच्या दृष्टीनें कांहीं मोल आहे काय, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

या प्रश्नावर एक आक्षेप उघडच संभवतो, व तो टाळून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. ज्या घरीं कॉलेजांत जाणारा मुलगा अगर मुलगी विजेची गिटार वाजविते, त्या घरच्या वडील मंडळींचा अनुभव असा कीं, नुसती गिटार कानांस गोड लागते. ही पेटी मध्यें आली कीं तोच स्वर खरखरीत, फाटका व आक्रस्ताळा होतो. मग श्रम व पैसा खर्चून चांगला स्वर बिघडविण्याचें यंत्र बनवावयाचें, यापरतें विपरीत तें काय? हा आक्षेप साधा असला तरी क्षुद्र नाहीं. 'नव्या पिढीची आवड' एवढ्या उत्तरानें त्याची वासलात लावतां येणार नाहीं. कारण आवड हें स्पष्टीकरण होऊं शकतें, समर्थन होऊं शकत नाहीं. आमचें उत्तर थोडक्यांत असें आहे : येथें होणारा बिघाड हा खरोखरीच बिघाड आहे, परंतु तो मापून घेतलेला बिघाड आहे, आणि तें माप ठरविणें हेंच या पेटींतील सगळें कलातत्त्व होय. जो ही पेटी विकत घेतो त्याला दुसऱ्यानें ठरविलेलें माप मिळतें. जो ती समजून बांधतो त्याला माप ठरविण्याचा अधिकार मिळतो. न समजतां बांधणाऱ्यास मात्र बोटांवरील चटक्यांखेरीज फारसें कांहीं मिळत नाहीं.

प्रथम हा बिघाड म्हणजे काय तें पाहूं. विजेच्या गिटारला साध्या गिटारसारखी पोकळ पेटी बहुधा नसते. तिच्या पोलादी तारांखालीं लोहचुंबक व त्याभोंवतीं बारीक तांब्याच्या तारेचीं वेटोळीं बसविलेलीं असतात. तार हालली कीं वेटोळ्यांत अत्यंत क्षीण असा विजेचा दाब उत्पन्न होतो. ॲम्प्लिफायर तो वाढवितो व लाउडस्पीकर त्याचा पुन्हां नाद करतो. ॲम्प्लिफायरच्या शक्तीस अर्थातच सीमा असते. त्या सीमेपलीकडे त्याला लोटलें, तर नादाच्या लाटेचा माथा त्यास पुरता काढतां येत नाहीं. तो छाटला जातो. छाटलेल्या लाटेंत मूळ स्वराखेरीज त्याच्या तिप्पट, पांचपट, सातपट कंपनसंख्येचे नवे उपस्वर निर्माण होतात. वरची व खालची बाजू विषम छाटली गेली तर दुपटीचे, चौपटीचेही येतात. कान ज्याला खरखर म्हणतो ती या उपस्वरांचीच गर्दी होय. शिवाय माथा छाटला गेल्यामुळें जोराचा आघात व हलका आघात यांतील अंतर कमी होतें, आणि तार विझत चालली तरी नाद बराच वेळ टिकून राहतो. गिटार ही मुळांत छेडून सोडून देण्याची तार. तिला या युक्तीनें गजाच्या वाद्यासारखा दीर्घ श्वास मिळाला. हा लाभ केवढा आहे, हें सतार व सारंगी यांतील भेद जाणणाऱ्या वाचकांस सांगावयास नकोच.

या दोषाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९५१ सालीं अमेरिकेंत मेंफिस शहरीं सॅम फिलिप्स यांच्या ध्वनिमुद्रणगृहांत 'रॉकेट ८८' हें गीत मुद्रित झालें. आयक टर्नर यांच्या ताफ्यांतील विली किझार्ट या गिटारवादकाचा ॲम्प्लिफायर वाटेंत बिघडला होता. त्यांत कागद कोंबून तसेंच वाजविण्यांत आलें, व त्यांतून निघालेला घोगरा स्वर लोकांस आवडला. १९५८ सालीं लिंक रे या वादकानें 'रंबल' या रचनेसाठीं स्पीकरच्या पडद्यास पेन्सिलीनें भोंकें पाडलीं. या रचनेंत गायिलेला एकही शब्द नाहीं. तरी तिच्यामुळें तरुण मंडळी दांडगाईस प्रवृत्त होतील, या भीतीनें कांहीं रेडिओ-केंद्रांनीं ती वाजविण्याचें नाकारलें. शब्दावांचून केवळ स्वराच्या पोतानें एवढा रोष ओढवून घ्यावा, ही गोष्ट टीकाकारानें लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पुढें १९६१ सालीं प्रसिद्ध झालेल्या मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोन्ट वरी' या गीतांत ग्रेडी मार्टिन यांनीं वाजविलेला खर्जाचा तुकडा नॅशव्हिल येथील मुद्रणयंत्राच्या एका नादुरुस्त भागांतून गेला, आणि भुंग्यासारखा गुणगुणत बाहेर पडला. तेथील यंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी यांनीं हाच बिघाड ट्रान्झिस्टरच्या साह्यानें हुकमी उत्पन्न करण्याची योजना केली, व १९६२ सालीं गिब्सन कंपनीनें ती 'मेस्ट्रो फझ-टोन' या नांवानें विक्रीस आणली. १९६४ सालीं इंग्लंडांत किंक्स ताफ्यांतील डेव्ह डेव्हिस यांनीं स्पीकरचा पडदा पात्यानें चिरून 'यू रिअली गॉट मी' वाजविलें. १९६५ सालीं रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्यें कीथ रिचर्ड्स यांनीं फझ-टोन वापरला. ती ओळ पुढें पितळी सुषिरवाद्यांकडून वाजवून घ्यावी असें त्यांच्या मनांत होतें. गिटार केवळ खुणेपुरती होती. खूणच कायम राहिली, आणि फझ-टोनला एकाएकीं मागणी आली.

या सर्व कथांत एक क्रम दिसतो. आधीं अपघात, मग त्या अपघाताचा हट्ट, आणि शेवटीं त्या हट्टाचें यंत्र. भाषेच्या इतिहासांत हाच क्रम आपण पाहिलेला आहे. संस्कृताभिमानी पंडित ज्यांस अपभ्रंश म्हणून नाक मुरडीत, त्या रूपांतूनच आपली मराठी घडली. परंतु म्हणून प्रत्येक अशुद्ध उच्चार ही नव्या भाषेची नांदी असते असें मात्र नव्हे. बहुतेक अशुद्ध उच्चार अशुद्धच राहतात. जो नियमांत बसतो, पुन्हां पुन्हां जाणून करतां येतो, आणि पूर्वीं सांगतां न येणारें कांहीं सांगूं लागतो, तोच अपभ्रंश भाषा होतो. स्वरदोषाचीही कसोटी हीच.

आमच्या वाचकांस ही कल्पना अगदींच परकी वाटूं नये. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं सुताचा बारीक दोरा सरकवून जवारी लावतात. तार घोडीच्या किंचित् वक्र पृष्ठभागास निसटती घासते, आणि एरवीं कोरडा वाटणारा स्वर उपस्वरांनीं भरून येतो. खर्जाच्या तारेंतून स्वयंभू गंधार ऐकूं येतो तो याच समृद्धीमुळें. शुद्ध यंत्रशास्त्राच्या दृष्टीनें पाहिलें तर तारेचें हें घासणें दोषच होय. मिरजेचे कारागीर हा दोष कानसीनें, दोऱ्यानें व कानानें अशा बेतानें बसवितात कीं, त्यावांचून तंबोरा तंबोराच वाटूं नये. ही तुलना आम्हांस ताणावयाची नाहीं. जवारी तारेला तारेच्याच जातीचे उपस्वर देते. पेडल विजेच्या लाटेवर बळजबरी करतें, आणि एकाच वेळीं दोन स्वर आले तर त्यांच्या मिश्रणांतून दोहोंशीं नातें नसलेले स्वरही निपजवितें. पण एक गोष्ट दोहोंत समान आहे : दोऱ्याचा रेसभर फरक जसा तंबोऱ्यास जिवंत करतो अगर मारतो, तसाच पेडलांतील एखाद्या भागाच्या किंमतींतील फरक. दोन्हीकडे प्रश्न मात्रेचा आहे.

आतां ज्या योजनेवरून घरीं बांधलेलीं बहुसंख्य ओव्हरड्राइव्ह पेडलें निघतात, ती 'ट्यूब स्क्रीमर'ची योजना चिकित्सेस घेऊं. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जपानांत सुसुमु तामुरा यांनीं ती रचिली व आयबानेझ या नांवानें ती विकली गेली. टेक्ससचे प्रसिद्ध वादक स्टीव्ही रे व्हॉन यांनीं ती वापरल्यामुळें तिची कीर्ति दिगंत झाली. योजनेचा गाभा अगदीं लहान आहे. ऑप-ॲम्प नांवाची एक तयार चकती स्वर वाढविते. वाढलेला स्वर पुन्हां तिच्याकडे परत नेणाऱ्या वाटेवर दोन सिलिकॉन डायोड एकमेकांस उलटे जोडलेले असतात. दाब सुमारे ०.६ व्होल्टपर्यंत चढला कीं हे डायोड उघडूं लागतात व चकतीची वाढविण्याची शक्ति हळूहळू आंवरून धरतात. माथा अशा रीतीनें कापला न जातां वळविला जातो. परंतु यांतील खरें मर्म पुढेंच आहे. ही चकती ज्या पद्धतीनें जोडलेली असते, त्या पद्धतींत तिची वाढ एकपटीच्या खालीं कधींच उतरत नाहीं. म्हणजे डायोडांनीं कितीही आंवरलें तरी मूळ स्वर जसाच्या तसा खालून वाहत राहतो, व त्याच्यावर छाटलेल्या स्वराचा थर बसतो. ज्या पेडलांत डायोड वाढीच्या वाटेवर न बसवितां पुढें थेट जमिनीस जोडतात, त्यांत असें होत नाहीं. तेथें ठराविक उंचीवरचें सर्व कांहीं सरसकट कापलें जातें. वादकाची बोटें कोठें हळुवार पडलीं व कोठें जोरानें, हें ट्यूब स्क्रीमरमध्यें अद्याप ऐकूं येतें तें या खालून वाहणाऱ्या स्वरामुळें. ओव्हरड्राइव्ह व निव्वळ खरखर यांत भेद करावयाचा असेल, तर तो येथें करावा.

दुसरें मर्म एका लहानशा कपॅसिटरांत आहे. ४.७ किलोओहमचा रेझिस्टर व ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांची जोडी असें ठरविते कीं, सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचे स्वर क्रमाक्रमानें कमी वाढवावेत. ड्राइव्हचा नॉब पूर्ण चढविला असतां कागदावरील हिशेबानें उंच स्वरांस सुमारे ११८ पट वाढ मिळते; पण गिटारच्या सर्वांत जाड तारेचा जो ८२ हर्ट्झचा मूळ स्वर, त्यास केवळ १३ पटींच्या आसपास. अर्थात् खर्ज फारसा छाटला जात नाहीं, व छाटलेला खर्ज जो चिखल करतो तो येथें होत नाहीं. पुढें टोनच्या विभागांत अति उंच स्वरांसही कात्री लागते. दोन्ही टोकें अशीं आंवरल्यामुळें मधला भाग उठून दिसतो, आणि ढोल व खर्जाची गिटार यांच्या गर्दीतही वादकाची ओळ स्पष्ट ऐकूं येते. याच गुणाची दुसरी बाजू अशी कीं, हजारों वादकांच्या स्वरावर हा एकच नाकांतला ठसा उमटला. ट्यूब स्क्रीमरवर आमचा मुख्य आक्षेप हाच आहे. तो फार सभ्य आहे, आणि त्याची सभ्यता सर्वांस सारखीच असल्यामुळें ती लवकर कंटाळवाणी होते. घरीं बांधणाऱ्यास हा कंटाळा मोडण्याची संधि आहे, आणि ती त्यानें घेतलीच पाहिजे. एक डायोड अधिक घालून छाटणी विषम करावी; सिलिकॉनच्या जागीं जर्मेनियमचे घालून ती लवकर सुरू करावी, अगर तांबड्या एलईडीच्या दोन दिव्यांनीं ती लांबवावी; कपॅसिटर दुपटीचा करून खर्जास थोडा अधिक वांटा द्यावा. रुपया-दोन रुपयांच्या या भागांत स्वराचें चारित्र्य बदलण्याची शक्ति आहे.

या पेटीनें पाश्चात्य संगीताच्या व्याकरणावर जो परिणाम केला तो तर स्वतंत्र निबंधाचा विषय व्हावा. छाटणींतून दोन स्वरांच्या कंपनसंख्यांची बेरीज व वजाबाकीही ऐकूं येऊं लागते. २२० हर्ट्झचा षड्ज व ३३० हर्ट्झचा पंचम एकत्र वाजविले तर त्यांची वजाबाकी ११० हर्ट्झ, म्हणजे त्याच षड्जाचें खालचें सप्तक. म्हणून षड्जपंचमाची जोडी या पेटींतून अधिकच भरीव होऊन निघते. परंतु त्यांत गंधार मिळविला कीं गोष्ट बिघडते. शुद्ध गंधार २७५ हर्ट्झचा असावयास हवा. गिटारच्या पडद्यांवर समविभागी सप्तकाचा गंधार सुमारे २७७ हर्ट्झचा मिळतो. नुसत्या गिटारवर हा फरक कानाआड होतो. येथें तो वजाबाकींतून वर उसळतो व स्वर एकमेकांशीं भांडूं लागतात. परिणामीं या संगीतांतून गंधार पुष्कळ ठिकाणीं आपोआप गळून पडला, आणि केवळ षड्जपंचमांची 'पॉवर कॉर्ड' त्याचा कणा झाली. साधन व्याकरण ठरवितें असें आम्हीं आरंभीं म्हटलें तें याच अर्थानें. जें संगीत वडील मंडळींस रांगडें वाटतें, त्याच्या मुळाशीं षड्जपंचमभावाचें इतकें कडक पालन असावें, हें आम्हांस तरी विचार करण्यासारखें वाटतें.

येथवर जें सांगितलें तें वाचून कळण्यासारखें आहे. मग बांधण्याचें प्रयोजन काय? प्रयोजन हें कीं, वाचून कळलेलें कान मानीत नाहीं. बांधण्याची रीति कठीण नाहीं. भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अगर पुण्याच्या बुधवार पेठेंत पायपीट करून जमवितां येतात. तांब्याच्या पट्ट्या असलेल्या भोंकांच्या फळीवर ते मांडावयाचे, बॅटरीच्या नऊ व्होल्टांचे दोन समान भाग करून चकतीस साडेचार व्होल्टांचा मध्य द्यावयाचा, डायोड व विजेच्या कपॅसिटरांच्या दिशा उलट होत नाहींत ना तें पाहावयाचें, आणि कथलाचे टांके असे द्यावयाचे कीं ते चकचकीत व पसरट दिसावेत. मळकट गोळा दिसला तर तो टांका कच्चा समजावा. शिशाचें कथील वापरणाऱ्यानें खिडकी उघडी ठेवावी व काम आटोपल्यावर हात धुवावे. नऊ व्होल्टांपासून जिवास धोका नाहीं. याच उत्साहाच्या भरांत जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचें पोट मात्र कोणीं उघडूं नये, कारण त्यांत शेंकडों व्होल्ट दडलेले असतात व यंत्र बंद केल्यावरही ते कांहीं काळ तेथें राहतात. गिटारची दोरी जींत खोंवावयाची ती पाव इंची खोबण मूळची एकोणिसाव्या शतकांतील टेलिफोन-केंद्रांची. जुन्या वस्तूस नवें काम लावून देण्याची या विद्येची खोड तिच्यांतही दिसते.

पेटी पुरी झाली कीं पुष्कळदां ती बोलतच नाहीं. आमच्या मतें या विद्येचें खरें शिक्षण तेथून सुरू होतें. जाणते लोक एका तारेच्या टोंकाशीं लहान कपॅसिटर लावून तिचें दुसरें टोंक ॲम्प्लिफायरला जोडतात, आणि आंत येणाऱ्या स्वराच्या वाटेवर एकेका टांक्यास तें टोंक लावून ऐकत पुढें जातात. येथें स्वर आहे, येथें आहे, येथें वाढला, येथें छाटला गेला, येथें नाहींसा झाला : जेथें नाहींसा झाला तेथें चूक. यांत स्वराच्या प्रत्येक अवस्थेचें निराळें श्रवण घडतें. छाटणीपूर्वींचा, छाटणीनंतरचा आणि टोनच्या कात्रींतून गेलेला असे तीन स्वर वेगवेगळे ऐकलेल्या कानास पुढें कोणतेंही ध्वनिमुद्रण पूर्वींसारखें ऐकूं येत नाहीं. कवितेचा अन्वय लावीत शब्दाशब्दावर थांबणारा विद्यार्थी जें करतो तेंच हें आहे. तयार पेडल विकत घेणाऱ्यास हा अन्वय कधींच लावावा लागत नाहीं.

म्हणूनच या हौशीच्या आजच्या स्वरूपांतील कांहीं गोष्टी आम्हांस पसंत नाहींत. सर्व भाग क्रमांक घालून पुडींत देणारे संच पुष्कळ मिळतात. क्रमांकाप्रमाणें भाग बसविले कीं पेडल वाजतें. नवशिक्यास धीर येण्यापुरता त्यांचा उपयोग आहे. पण एकामागून एक दहा संच जुळवूनही ज्याला अमुक कपॅसिटर तेथें कां आहे हें सांगतां येत नाहीं, त्यानें दहा पेडलें बांधलीं असें न म्हणतां दहा पुड्या रिकाम्या केल्या असें म्हणावें. क्रेग अँडरटन यांचें 'इलेक्ट्रॉनिक प्रोजेक्ट्स फॉर म्युझिशियन्स' हें १९७५ सालचें पुस्तक या दृष्टीनें अजून आदर्श वाटतें. तें वाचकास आधीं भाग व हत्यारें यांची ओळख करून देतें आणि मगच बांधावयास बसवितें. दुसरी नापसंत गोष्ट म्हणजे भागांविषयींची अंधश्रद्धा. ट्यूब स्क्रीमरमध्यें वापरलेली ४५५८ ही चकती अगदीं सामान्य व स्वस्त. तिच्या जुन्या नगांस लोक रत्नपारख्याप्रमाणें किंमत देतात. पण या योजनेंत स्वराचें रूप डायोड व कपॅसिटर जितकें ठरवितात, तितकें ती चकती ठरवीत नाहीं. बिल फिनेगन यांनीं १९९४ सालीं विक्रीस आणलेलें 'क्लॉन सेंटॉर' हें पेडल याच वृत्तीचें दुसरें उदाहरण होय. कोणीं नक्कल करूं नये म्हणून त्याच्या आंतील योजना राळेसारख्या कठीण लेपानें झांकलेली असे. निर्मात्याचा तो हक्क आम्हांस मान्य आहे, व पेडलही गुणवान् आहे. पण झांकल्यामुळें जें गूढ वाढलें त्याच्या किंमती हजारों डॉलरांवर गेल्या, आणि राळ काढून पाहणाऱ्यांस आंत ओळखीचे भाग चातुर्यानें मांडलेले आढळले. गूढतेचें मोल निराळें व गुणाचें मोल निराळें, हा धडा त्यांतून घ्यावा.

येथें कोणी विचारील कीं, दुसऱ्याची योजना घेऊन बांधणें ही नक्कलच नव्हे काय? विकण्यासाठीं बांधून आपलें म्हणून मिरविणें ही नक्कल खरीच, आणि ती निंद्य. परंतु शिकण्यासाठीं केलेली नक्कल ही सर्व कलांची पहिली इयत्ता आहे. गुरूची बंदिश शिष्य जशीच्या तशी घोंटतो. तिला कोणी चोरी म्हणत नाहीं. पुढें तिच्यांत शिष्याचें स्वतःचें कांहीं येतें कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें. क्वीन या इंग्रजी ताफ्याचें उदाहरण या ठिकाणीं घेण्यासारखें आहे. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी लहानपणीं पांचगणीच्या शाळेंत शिकला, एवढी आपली त्यांची ओळख. त्या ताफ्यांतील ब्रायन मे यांनीं १९६३ पासून वडिलांच्या मदतीनें जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लांकडापासून स्वतःची गिटार घडविली. त्यांचेच सहकारी जॉन डीकन यांस १९७२ च्या सुमारास कचऱ्याच्या पेटींत एक टाकून दिलेली विद्युत्-योजना सांपडली. ती त्यांनीं एका लहान स्पीकरच्या खोक्यांत बसवून नऊ व्होल्टांच्या बॅटरीवर चालविली. तिला आवाज कमीजास्त करण्याचें बटणसुद्धां नव्हतें. तिची मर्यादित शक्ति ओलांडली कीं जो गोल, गजाच्या वाद्यासारखा स्वर निघे, त्याचे अनेक थर रचून मे यांनीं आपल्या ध्वनिमुद्रणांत वाद्यवृंदाचा आभास निर्माण केला. वस्तु दुसऱ्याची, तीही टाकलेली; परंतु तिच्या दोषाची मात्रा ओळखणारा कान त्यांचा स्वतःचा होता.

आतां वडील मंडळींच्या आक्षेपाकडे शेवटचें वळूं. त्यांचें म्हणणें सर्वस्वीं खोटें नाहीं. पेडलाचे तिन्ही नॉब शेवटपर्यंत फिरवून जो स्वर निघतो तो बहुधा गोंगाटच असतो, आणि सर्व वेळ मोठ्यानें बोलणाऱ्या माणसाप्रमाणें तो थोड्याच वेळांत अर्थहीन होतो. छाटणीनें आघातांतील अंतर कमी होतें हें आम्हीं वर सांगितलेंच आहे. ती अतिरेकास गेली तर वादकाचा हात व यंत्र यांत भेद उरत नाहीं, आणि कलेंतून मनुष्य वजा होतो. मात्र या अतिरेकावर उपाय म्हणून पेटी काढून घेणें व्यर्थ आहे. ज्यानें स्वतःच्या हातानें ती छाटणी बांधली, एक कपॅसिटर बदलून खर्ज कसा परत येतो तें ऐकलें, आणि गिटारवरील आवाजाचें बटण किंचित् उतरवितांच खरखर विरघळून स्वर कसा स्वच्छ होतो हें अनुभवलें, त्याला ड्राइव्हचा नॉब अर्ध्यावर ठेवण्याचें कारण कोणीं समजावून द्यावें लागत नाहीं.

सारांश, ओव्हरड्राइव्ह पेडल घरीं बांधणें ही आमच्या मतें पैसे वांचविण्याची युक्ति नव्हे. हत्यारें व चुकांचा खर्च धरतां पैसे वांचतीलच असेंही नाहीं. तो श्रवणाचा अभ्यास आहे, आणि त्या अभ्यासास साजेसें मोल त्याला आपण द्यावें. ज्या घरांत असा अभ्यास चालला असेल तेथील वडिलांस आमची विनंति एवढीच कीं, पेटी वाजूं लागली म्हणजे ती बंद करावयास सांगण्यापूर्वीं, तिच्यांत कोणता भाग कोठें व कां बसविला हें एकदां मुलास विचारावें. त्याला उत्तर देतां आलें, तर घरांत गोंगाट नव्हे, विद्या आली असें समजावें. उत्तर देतां आलें नाहीं, तर त्याला पेटी पुन्हां उघडावयास सांगावें.